मासोळीने लपवलेली अंडी

मुलांनो, शिलाई मशीनच्या शेजारी ठेवलेल्या एका काचेच्या टाकीत एक मासोळी राहत असे. ती किलीफिश नावाच्या जातीची होती. या जातीचे नर मोठे झाले की त्यांच्या अंगावर लाल-निळी नक्षी उमटते. माद्या मात्र राखाडी, साध्या दिसतात. तिच्या जातीला आयुष्य फार थोडे मिळते, वर्षसुद्धा पुरे होत नाही. त्यामुळे मासोळीने फारसे काही मागितले नव्हते. आपले एक तरी पिल्लू पोहताना बघावे, एवढीच तिची इच्छा होती.

टाकीत तिच्यासोबत तिचा नर होता. तो दिसायला देखणा होता आणि ते त्याला ठाऊक होते. सकाळी काचेवर ऊन आले की तो आपल्याच प्रतिबिंबासमोर पंख फुलवून उभा राही. मासोळी म्हणे, "अहो, ऐकता का?" तो ऐकत नसे. तळाशी एक म्हातारी गोगलगाय होती. ती सगळ्यांना सल्ला देई आणि सगळे तिला मावशी म्हणत. टाकीच्या वर भिंतीवर एक पाल राहत असे. तिला घरभर फिरता येई, माणसांचे बोलणे समजे, आणि ऐकलेले दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

घराच्या मालकाचे नाव मोरेश्वर. त्याला या माशांची पैदास करायची होती. त्याने श्रीखंडाचा एक रिकामा डबा घेतला, झाकणाला गोल भोक पाडले आणि आत कुंडीत घालतात तसला नारळाच्या काथ्याचा भुगा भरून तो टाकीच्या तळाशी ठेवला. मासोळीला ती जागा आवडली. ती आणि नर त्या भोकातून आत जात, भुग्यात शिरत, आणि ती एकेक अंडे घाली. अंडी शिजलेल्या साबुदाण्यासारखी स्वच्छ होती. त्यांच्या आरपार दिसे. बाहेर आली की ती झाकणावर घुटमळत राही. पिल्ले केव्हा बाहेर येतील याची ती वाट बघत होती.

पण पिल्ले यायच्या आधी मोरेश्वरचा हात आला. त्याने डबा उचलून नेला. थोड्या वेळाने तोच डबा परत आला, आत नवा भुगा घेऊन. मासोळी घाईने आत शिरली. तिने सगळा भुगा उपसला. एकही अंडे नव्हते. तिला वाटले, काही चूक झाली असेल. तिने पुन्हा अंडी घातली. हात पुन्हा आला.

तेव्हा तिने पालीला हाक मारली आणि माझी अंडी कुठे जातात ते बघून ये म्हणून विनवले. पाल म्हणाली, तुमच्या पाण्यातल्या लोकांना भिंतीवरच्यांची आठवण कामापुरतीच येते. पण बातमीचा वास लागल्यावर तिलाही राहवेना. ती गेली आणि बरेच काही बघून आली. ती काचेजवळ उतरली, शेपूट नीट गुंडाळून बसली आणि सावकाश सांगू लागली. मोरेश्वरने भुगा फडक्यात घालून पिळला. मग तो वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवला. पिळलेल्या चहापत्तीसारखा झाल्यावर तो प्लास्टिकच्या पिशवीत भरला, वर गाठ मारली आणि पिशवी कपाटात पांघरुणांच्या मागे ठेवून दिली. त्याची बायको शैला त्यावरून बरेच बोलली. साड्यांच्या कपाटात चिखल ठेवतं का कुणी, लोक अत्तर ठेवतात, असे ती म्हणाली. पालीने तिचा आवाज हुबेहूब काढून दाखवला.

मासोळीला हसू आले नाही. तिने विचारले, "पिशवीत पाणी आहे ना?"

"थेंबसुद्धा नाही," पाल म्हणाली. "अंधार आहे, आणि वर दोन गोधड्या."

"मग तो शैलाला काय म्हणाला?"

"बरंच काही समजावत होता गं. तळं, चिखल असलं काहीतरी. पण तेवढ्यात ट्यूबलाइटपाशी चिलट आलं. पुढचं राहिलं ऐकायचं."

मुलांनो, पालीला पुन्हा पाठवता आले असते. मोरेश्वर त्या अंड्यांबद्दल रोज कुणाला ना कुणाला तरी सांगत असे. पण मासोळीला पुढचे ऐकायचेच नव्हते. पाण्याचा थेंब नाही, एवढे ऐकले तेव्हाच तिच्या मनात सगळे ठरून गेले. हा माणूस आपली मुले पिळून, वाळवून मारतो. त्याच क्षणापासून तो हात तिला वैऱ्याचा वाटू लागला.

ती गोगलगायीकडे गेली. गोगलगायीने सगळे ऐकून घेतले आणि तिला काचेच्या कोपऱ्यात नेले. तिथे गोगलगायीच्या अंड्यांचे बुळबुळीत ठिपके चिकटले होते आणि आजूबाजूला तिची बारीक पिल्ले फिरत होती. गोगलगाय म्हणाली, "हे बघ पोरी. मी यांना पाण्याबाहेर कधी जाऊ दिलं नाही. पाण्यातलं लेकरू पाण्यातच वाढतं. तुझी अंडी त्या माणसाला दिसणार नाहीत अशा जागी घाल."

डोळ्यांसमोर जिवंत पिल्ले होती, त्यामुळे मासोळीला दुसरा पुरावा नको होता. टाकीच्या मागच्या बाजूला एका दगडाआड शेवाळाचा दाट झुबका होता. बाहेरून तो दिसत नसे. मासोळीने तीच जागा धरली. नराने आधी कुरकुर केली. डब्यातली जागा प्रशस्त आहे, इथे शेवाळ पंखांत अडकते आणि मला बघायला कुणी नसते, असे त्याचे म्हणणे होते. पण ती डब्याकडे फिरकेनाशी झाली, तेव्हा तोही मागे आला.

त्या झुबक्यात तिने पुष्कळ अंडी घातली. नर भूक लागली की अंड्यांकडेही बघे. तिने त्याला हुसकून लावले. टाकीत अन्न पडले की ती घाईने दोन घास खाऊन परत येई. पुढे तीही घाई तिला नको वाटू लागली. ती शेवाळापाशी थांबून पंखांनी हळूहळू पाणी हलवत राही, म्हणजे अंड्यांना ताजे पाणी मिळेल. डबा रिकामा येत होता आणि रिकामाच परत जात होता. मोरेश्वर भुगा चाळून बघे आणि डबा पुन्हा ठेवून देई. ही जात भुग्यातच अंडी घालते, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने शेवाळात कधी डोकावले नाही. मासोळीला ते बघून समाधान वाटे. आपण जिंकत आहोत असे तिला वाटत होते.

मग एका अंड्याचा रंग बदलला. कालपर्यंत त्याच्या आरपार दिसत होते. आज ते कच्च्या साबुदाण्यासारखे पांढरे झाले होते. तिने ते तोंडाने हळूच हलवले. त्याला कापसासारखे काहीतरी लागले होते. तिने ते बाजूला नेऊन ठेवले आणि बाकीच्यांभोवती जास्त जोराने पाणी हलवू लागली. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन पांढरी झाली. मग त्यांच्या शेजारची.

तिला वाटले, आपलीच काळजी कमी पडते आहे. गोगलगायीनेही तेच सांगितले. नीट राखण कर, धीर धर, मला तर कधी असं झालं नाही, असे म्हणून ती आपल्या पिल्लांकडे निघून गेली. मासोळीने खाणे आणखी कमी केले. तिने नवी अंडी घातली, शेवाळात आणखी खोल, अधिक जपून. तीही पांढरी झाली. जितक्या वेळा तिने प्रयत्न केला, तितक्या वेळा तेच झाले. त्या झुबक्यातून एकही पिल्लू कधी बाहेर आले नाही.

एका सकाळी ऊन काचेवर आले आणि त्याच्यासमोर कुणी उभे राहिले नाही. नर तळाशी आडवा पडला होता. अंगावरची नक्षी तशीच होती. मोरेश्वरने त्याला जाळीने उचलले आणि बायकोला म्हणाला की आता या जोडीचे काही खरे नाही, मादीही म्हातारी झाली. ते खरे होते. मासोळीची पाठ वाकली होती, पोट आत गेले होते. आता तिच्याकडून आणखी अंडी होणार नव्हती. जी होती ती शेवाळात होती, पांढरी. तरी ती त्यांच्यापाशी पाणी हलवत राहिली.

बरेच दिवस गेले. मग मोरेश्वरने कपाटातल्या पिशव्या काढल्या. त्याने तो भुगा एका पसरट भांड्यात ओतला आणि वर गार पाणी सोडले. त्या दिवशी घरात बरीच गडबड झाली. शैलासुद्धा मशीन थांबवून बघायला उठली. संध्याकाळच्या आत मोरेश्वरने एक काचेची बरणी आणून टाकीला लागून ठेवली.

बरणीत पिल्ले होती. डोळे आणि एक रेघ, एवढीच ती होती, पण पोहत होती. एखादे धडपडत वर येई, काचेला थडकून पुन्हा खाली जाई. मासोळी किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हेवा वाटला. तिने पालीला विचारले की ही कुणाची मुले आहेत.

पालीला सगळे माहीत होते, कारण या वेळी तिने शेवटपर्यंत ऐकले होते. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय होती. पण मासोळीची वाकलेली पाठ बघून तिची जीभ अडखळली. ती आधी इकडचे तिकडचे बोलली. आज गडबडीत शैलाच्या हातून कापड चुकीचे कापले गेले, हेही तिने सांगून घेतले.

मासोळी म्हणाली, "पालबाई, मी मुलांचं विचारलं."

"तुझीच आहेत," पाल म्हणाली. "डब्यात घातलेली. पहिली."

मासोळी काचेला तोंड लावून पुन्हा बरणीकडे बघू लागली.

मग पालीने बाकीचेही सांगितले, कारण आता ते अडवून ठेवण्यात अर्थ नव्हता. मोरेश्वर बायकोला सांगत होता की या माशांच्या मूळ मुलखात डबकी दर उन्हाळ्यात आटतात. मोठे मासे मरून जातात. अंडी तेवढी चिखलात राहतात आणि पाणी पुन्हा येईपर्यंत निजतात. ती सुकली नाहीत, तर आतले पिल्लू नीट वाढत नाही. पाण्यातच राहिली तर कुजतात. म्हणून तो त्यांना पिळत होता, म्हणून पांघरुणांच्या मागे जपून ठेवत होता. मासोळी स्वतःसुद्धा अशाच एका पिशवीतून आली होती. पण जन्मायच्या आधीची आठवण कुणाला असते?

"त्या दिवशी हेच सांगत होता तो," पाल हळू आवाजात म्हणाली. "मी थांबायला हवं होतं."

"तू अर्धं ऐकलंस हे तू मला सांगितलं होतंस," मासोळी म्हणाली. "मीच पुढचं विचारलं नाही."

ती वळली आणि दगडाआड शेवाळापाशी गेली. तिथे पांढऱ्या अंड्यांचे गठ्ठे होते. त्यांतले प्रत्येक अंडे तिने स्वतः घातले होते, राखले होते, उपाशी राहून जपले होते. डब्यात घातले असते तर त्यांतलीही आज बरणीत पोहत असती. ती पंखांनी पाणी हलवू लागली. त्याचा काही उपयोग नाही हे तिला आता माहीत होते.

बरणीतली पिल्ले भराभर वाढली. मोरेश्वर त्यांना बारीक कोळंबी खाऊ घाली आणि त्यांची पोटे नारिंगी दिसत. त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर पुढे लाल ठिपके उमटायला लागले. शेजारच्या टाकीत आपली आई आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पाल रोज भिंतीवरून खाली येई आणि मासोळीला बोलावी. एकदा इकडे ये, बघ तरी, तुला हेच तर बघायचे होते ना, असे ती म्हणे. सुरुवातीला मासोळी काचेपर्यंत जाई. पण एक पिल्लू दिसले की तिला मागच्या अंड्यांतले तेवढेच एक आठवे, दुसरे दिसले की दुसरे. मग तिने जाणे सोडले.

शेवटी पालीने विचारले, "अगं, जिवंत लेकरं सोडून तू मेलेल्यांपाशी का बसतेस?"

मासोळी म्हणाली, "ती त्या माणसाने सांभाळली. ही मी सांभाळली होती."

त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. मोरेश्वरने टाकी धुवायला काढली, तेव्हा ती त्याला शेवाळात सापडली, आणि तिच्याभोवती ती अंडी. किती तरी वेळ तो शेवाळाचा झुबका हातात धरून उभा होता. शैलाने काय झाले म्हणून विचारले. त्याने झुबका तिच्यापुढे धरून ती पांढरी अंडी दाखवली.

तात्पर्य : आपल्या माणसांना वाचवायला निघण्याआधी राहिलेली गोष्ट विचारून घ्यावी. माया कितीही खरी असली, तरी अर्धे ऐकून घाबरलेली माया ज्यांना जपते त्यांचाच जीव घेते, आणि तो परत मिळत नाही.