मास्क लावून भाषण

सायकल क्लबचे अध्यक्ष उत्तमराव फाळके बोलायला लागले की कुणी ब्र काढत नसे. राज्य स्पर्धेचा संघ तेच निवडत. त्या सकाळी त्यांनी सगळ्यांना जाड रबरी मास्क वाटले.

"हा लावून घाट चढायचा. हवा कमी मिळाली की महिन्याभरात फुप्फुसांची ताकद दुप्पट होते. ज्याला नको असेल, त्याने संघातून नाव काढून घ्यावं."

मृणाल भिलारेने मास्क हातात उलटसुलट करून पाहिला. कालच असाच एक मास्क लावून घाट चढून पाहताना तिची मैत्रीण केतकी तिसऱ्या वळणावर सायकलसकट कोसळली होती. तिचे निळे पडलेले ओठ मृणालच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. नाही म्हणावं तर वर्षाची मेहनत पाण्यात, हो म्हणावं तर जिवाशी खेळ.

तिने हात वर केला.

"सर, याचे फायदे आम्हाला नीट कळले नाहीत. तुम्हीच मास्क लावून एकदा समजावून सांगाल का?"

उत्तमराव खूश झाले. खुर्चीत बसूनच त्यांनी मास्क चढवला. पहिलं वाक्य ऐटीत गेलं. दुसऱ्याला धाप लागली. तिसरं अर्ध्यावर असताना त्यांनी मास्क ओरबाडून काढला आणि तोंड उघडून हवा घेत राहिले.

हसायची कुणाची हिंमत झाली नाही. मृणाल म्हणाली, "सर, तुम्ही खुर्चीत बसून अडीच वाक्यं बोललात. आम्हाला घाट चढायचाय."

उत्तमरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मृणालला वाटलं, गेलं आपलं नाव.

मग त्यांनी मास्कचं रिकामं खोकं पुढे सरकवलं.

"टाका सगळे यात," ते म्हणाले, "आणि निघा घाट चढायला."