रिकामा गुरुवार

"अजून किती गुरुवार यायचं, महाराज?"

यादव खर्चेनं उभ्याउभ्याच विचारलं.

सेवानाथ महाराज मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. शुक्रवारची दुपार. खाली तापीचं पात्र उन्हात पांढरं पडलेलं. मठात दुसरं कुणी नव्हतं.

यादव वायरमन होता. दारूपायी नोकरी गेली. मग बायको लेकीकडे गेली, ती परतली नाही. तीन महिने तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. निघताना तिथल्या ताईंनी बजावलं होतं, "घरात एकटे राहू नका. माणसांत बसा."

असे केंद्रातून परतलेले सहा-सात जण दर गुरुवारी मठात जमत. महाराजही त्यांच्यातलेच. वीस वर्षं गांजा ओढलेले, एकतीस वर्षांपूर्वी सोडलेले.

यादव अकरा महिने नेमानं आला. मग तीन गुरुवार फिरकलाच नाही.

"बस," महाराज म्हणाले.

"बसत नाही. सांगायला आलोय. यापुढं मी येणार नाही. तेच तेच रडगाणं ऐकायचं... मला नाही गरज त्याची. एकटा राहतो. थेंब घेतलेला नाही."

"नाही घेतलास."

"मग झालो ना बरा?"

महाराजांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्यापुढे धरले. त्यानं घेतले नाहीत.

"आवाज बसलाय तुझा."

"सर्दीबिर्दी काही नाही."

"सकाळपासून कुणाशी बोललास?"

यादवला आठवावं लागलं.

"दूधवाल्याशी."

"काय बोललास?"

"अर्धा लिटर."

"आणि काल?"

"काल त्यानं न विचारताच घातलं."

ओट्यावर ऊन सरकत आलं होतं. यादव हळूच टेकला.

"दिवसभर रेडिओ लावून ठेवतो," तो खाली बघत म्हणाला. "घरात कुणी असल्यासारखं वाटतं. होईल सवय. तुम्हाला झालीच की. एकतीस वर्षं एकटेच राहता इथं."

महाराज गुडघ्यावर हात देऊन उठले, आत गेले. परत आले तेव्हा हातात फडकं होतं. ते त्यांनी यादवपुढे उलगडलं.

चिलीम. नवीकोरी. भरलेली. शेजारी काडेपेटी.

यादव मागे सरकला.

"कुणाची ही?"

"माझी."

"केव्हाची?"

"कालची. आपल्यातले वामन आणि लोटू तापानं पडलेत. बाकीचे लग्नाला गेले. तू नव्हतास. सतरंजी घालून बसलो... कुणीच आलं नाही. ऊन उतरल्यावर घाटाकडं जाऊन घेऊन आलो."

"ओढली?"

"नाही."

"एकतीस वर्षांनंतर... महाराज, तुम्ही?"

महाराज नदीकडे बघू लागले. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा चिलमीकडे वळत होती. यादवला ती नजर ओळखीची होती. बाटली समोर असली की तोही असाच बघायचा.

त्यानं फडक्याची गाठ मारली. तसाच अनवाणी पायऱ्या उतरून गेला. तापलेल्या वाळूतून चालत पाण्यापर्यंत पोहोचला आणि ते बोचकं जमेल तितकं लांब भिरकावलं.

परत येऊन तो महाराजांच्या अगदी जवळ बसला.

"थांबलात कसे?" त्यानं विचारलं.

"रात्रभर उशाशी होती. मघाशी काडी ओढणार, तेवढ्यात तू पायऱ्या चढताना दिसलास, म्हणून ती आत ठेवून शेंगा घेतल्या."

यादवनं ओट्यावरची एक शेंग उचलली.

"पण मी तर... येणार नाही हे सांगायला येत होतो."

"आलास ना."