रागाचा तांब्या
आंबेखोलच्या शाळेत नलावडेबाईंनी राग आवरण्याचा एक तास ठेवला होता आणि त्यात एक रीत घालून दिली होती. कुणाला राग आला, की आधी त्याला तांब्याभर पाणी द्यायचं, मग काय ते बोलायचं.

तपासणीला आलेले शिक्षणाधिकारी हे ऐकून भडकलेच. "राग आवरायला शिकवता? असल्या विषयाची परीक्षा तरी कशी घेणार? उद्यापासून हा तास बंद!" म्हणत त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

तिसरीतली सगुणा उठली आणि तिने साहेबांपुढे तांब्या धरला. "आधी पाणी प्या, साहेब. मग बोला."

बाईंनी नम्रपणे हात जोडले. "परीक्षा झाली, साहेब. मुलं पास आहेत. तुमचा निकाल तेवढा राखून ठेवलाय."

साहेबांनी मुकाट्याने तांब्या तोंडाला लावला.