भेगेचा आलेख

"रेघ सरळ आहे की नाही, बुवा? तुम्हीच सांगा."

शाल्मलीनं लॅपटॉप हरिदत्तबुवांसमोर सरकवला.

बुवांनी पडद्याकडे पाहिलं.

मठाच्या ओसरीवरून खाली करंजखोल वाडी दिसत होती. डोंगराच्या पोटाशी बिलगलेली थोडी घरं, खाचरांत लावणीला वाकलेल्या पाठी. वाडीच्या वर, उतारावर, एक भेग पडली होती. संन्यास घेण्याआधी बुवा कॉलेजात भूशास्त्र शिकवत. भेगेच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या ठोकून त्यांतलं अंतर मोजायला त्यांनीच सुरुवात केली होती. गुडघे थकले तेव्हा ते काम त्यांनी शाल्मलीवर सोपवलं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सरकारी भूवैज्ञानिक.

वाडी हलवायची की नाही, हे आज दुपारच्या बैठकीत ठरायचं होतं. अहवाल शाल्मलीचा. पण वाडीनं तिला साफ सांगितलं होतं, "आधी बुवांना दाखवा. ते हो म्हणाले, तर आमचं हो."

ते तिला लागलं होतं.

"दर नोंदीला भेग बोटभर वाढलीय," ती म्हणाली. "कमी नाही, जास्त नाही. म्हणून रेघ अशी सरळ चढते. डोंगर एका चालीनं सरकतोय. लावणी उरकू दे, भात घरात येऊ दे. दिवाळीनंतर सावकाश हलवू."

"हा आलेख कुठला?"

"रेषालेख. नेहमीचा."

"नेहमीचा..."

"तक्ता निवडायचा, बटण दाबायचं. आपोआप येतो."

बुवांनी मान हलवली. "खाली काय लिहिलंय?"

"तारखा. मोजणी केली त्या."

"वाच."

बुवा उठले. ओसरीच्या तुळईला पितळी तास टांगलेला होता, पंगतीला बोलावताना वाजवायचा. त्यांनी मोगरी हातात घेतली.

शाल्मलीनं पहिली तारीख वाचली.

बुवांनी तासावर एक टोला दिला.

ती दुसरी तारीख वाचणार, तोच बुवांनी तळहात वर केला.

"थांब."

"का?"

"वर्ष जायचंय अजून."

...

नाद विरला. मग नुसता वारा. तिनं घड्याळाकडे पाहिलं. खाली बैठकीसाठी माणसं जमू लागली असतील. बुवा डोळे मिटून उभे होते. वय झालं यांचं, तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

बऱ्याच वेळानं बुवांनी मान डोलावली.

तिनं दुसरी तारीख वाचली. टोला. पुन्हा तळहात वर.

...

आताची शांतता पहिल्याहून जरा तोकडी होती, पण तिच्या अंगावर आली.

तिसऱ्या तारखेनंतर बुवा अर्धं वर्ष थांबले. चौथीनंतर महिनाभर, म्हणजे एक श्वास. पाचवीनंतर आधीचा नाद विरायच्या आतच मान हलली. सहावी वाचून होते न होते तोच सातवीची खूण, आठवीची, नववीची. या तारखा गेल्या आठवड्यातल्याच होत्या. तिची जीभ मागं पडली. टोल्यावर टोला, टोल्यावर टोला, मग टोले वेगळे ऐकू येईनात. सगळा एकच कल्लोळ.

बुवांचा हात थांबला. तास थरथरत राहिला.

शाल्मलीनं पडद्याकडे पाहिलं. तिथं दर दोन तारखांमध्ये तेवढीच जागा होती. वर्षाला तेवढी आणि दिवसालाही तेवढीच. या तारखा तिनं किती वेळा वाचल्या होत्या. दोन तारखांच्या मधे कधी थांबली नव्हती.

तिनं आलेखाचा प्रकार बदलला. बिंदूंचा निवडला, ज्यात दर नोंद आपापल्या तारखेच्या अंतरावर बसते. बिंदू रेघेनं जोडले.

रेघ डावीकडून निघाली, पडद्यावर आडवी पसरली, जणू झोपलीच. आणि उजव्या कडेशी एकदम उभी राहिली. भिंतीसारखी.

तिनं लॅपटॉप मिटला.

"बुवा..."

"बैठक कधी आहे?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही.

वाडीत तिनं आलेख कुणाला दाखवलाच नाही. आज सांज व्हायच्या आत घरं सोडा, एवढंच म्हणाली. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. लावणी अर्धी राहिलेली. गुडघाभर चिखलातून तशीच आलेली सटूबाई पुढं झाली.

"परवा म्हणालीस दिवाळीनंतर. आज म्हणतेस सांजेच्या आत. खरं काय धरायचं, बाई?"

बुवांचं नाव घेतलं असतं तर काम सोपं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"परवा मी चुकले, आजी," ती म्हणाली. "मी नीट पाहिलं नव्हतं."

सटूबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग शेळ्या सोडायला गेली. तिच्यामागं एकेक घर उठलं. दिवेलागणीला सगळी वाडी ओढ्यापल्याडच्या शाळेत होती.

अमावास्येच्या आधीच उतार खाली आला. घरं गेली, लावलेली खाचरं गेली, देवीचं ठाणं गेलं. माणूस एकही गेलं नाही.

चिखल वाळल्यावर शाल्मली मठात आली. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पिशवीतून एक मोठा कागद काढला. नवा आलेख तिनं छापून आणला होता. नव्यानं येणाऱ्या मुलांना शिकवायला तो कार्यालयात लावणार होती.

"आता दर नोंद आपल्या जागी आहे," ती म्हणाली. "यात खोटं काही उरलं नाही, बुवा."

बुवांनी कागद उजेडात धरला. पुष्कळ वेळ पाहिला. मग पहिल्या दोन बिंदूंच्या मधे, त्या लांबलचक रेघेवर, बोट ठेवलं.

"या वर्षात भेगेचं काय झालं?"

"या वर्षात... मोजलं नव्हतं."

"कुणी पाहिलं असेल?"

"कुणीच नाही."

बुवांचं बोट तिथंच राहिलं.

...

"मग ही रेघ कुणाची?"