फक्त चांगल्या बातम्या

टाकळपूरचे नगराध्यक्ष दादासाहेब टोणगे यांना एके दिवशी लोकशाहीची भारीच काळजी वाटू लागली. त्यांनी गावातल्या सगळ्या संपादकांना बोलावलं, शाल-नारळ दिला आणि फर्मावलं, "पत्रकारिता सुधारली पाहिजे. उद्यापासून फक्त चांगल्या बातम्या छापायच्या. नाहीतर नगरपालिकेच्या जाहिराती बंद!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दैनिक 'टेहळणी'च्या संपादक सुमतीबाई वाळिंबे यांनी तर सगळ्यांत जोरात.

दुसऱ्या दिवशी 'टेहळणी'चं पहिलं पान चांगल्या बातम्यांनी नुसतं ओसंडत होतं. "पेठेत काल नळाला पाणी आलं!" "शाळेचं छप्पर काल कोसळलं नाही!" "सरकारी दवाखान्यात डॉक्टर दिसले!" आणि सगळ्यांत वर, दादासाहेबांच्या हसऱ्या फोटोखाली, "नगराध्यक्षांनी काल एकही भूखंड लाटला नाही!"

दादासाहेब अंक फडकावत छापखान्यात घुसले. "बाई, ही काय थट्टा लावलीय?"

"थट्टा कसली, दादासाहेब? तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं चांगलंच छापलंय," सुमतीबाई म्हणाल्या. "तरी यातली एखादी बातमी खोटी असेल तर सांगा. उद्या तुमच्या नावानिशी खुलासा छापते."

दादासाहेबांनी तोंड उघडलं, फोटोखालची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि तोंड मिटून घेतलं.