माहुताच्या घरी गिनीपिग

फार पूर्वी, राजेलोकांना लढायांपेक्षा हौसमौज जास्त आवडायची त्या काळात, एका राज्यात एक माहूत होता. आवाज नगाऱ्यासारखा, मिशा झुपकेदार, आणि ऐट तर विचारूच नका. हातात अंकुश घेऊन तो "बस!" म्हणून गरजला की त्याची हत्तीण गोदा धपकन बसायची. आई गेलेलं एवढंसं पिल्लू होती तेव्हापासून त्यानं तिला पेज भरवून वाढवली होती. तिनं खाल्ल्याशिवाय माहुताच्या घशाखाली घास उतरत नसे.

एकदा दूरदेशीच्या व्यापाऱ्यानं राजाला एक प्राणी भेट दिला. उंदराहून मोठा, सशाहून लहान, शेपटीचा पत्ताच नाही. व्यापारी म्हणाला, "याला गिनीपिग म्हणतात."

राजा हरखून गेला. "हाक मारली की हा धावत आला पाहिजे. कोण शिकवील?"

सगळा दरबार आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. माहूत मात्र खदाखदा हसला. "महाराज, हत्ती शिकवणाऱ्याला हे मुठीएवढं ध्यान काय जड? दसऱ्याच्या दरबारात हाकेसरशी आलं नाही, तर माझी गोदा काढून घ्या!"

"ठरलं!" प्रधान लगेच म्हणाला. त्याच्या मेहुण्याचा गोदेवर कधीपासून डोळा होता.

माहूत टोपली घेऊन घरी आला. झाकण काढलं, मिशीला पीळ दिला, अंकुश उगारला आणि गरजला, "चल, ये!"

गिनीपिग आधी जागीच थिजलं आणि मग जे सुटलं ते थेट खाटेखाली.

"अहो, केवढा तो आवाज! शेजारची म्हैस दावं तोडून पळाली," बायको म्हणाली. त्या केसाळ गोळ्याचं नाव तिनं गोंडा ठेवून टाकलं होतं.

"तू मला शिकवू नकोस. आधी धाक बसला पाहिजे," माहूत म्हणाला आणि पुन्हा गरजला.

रोज हेच. माहूत ओरडायचा, वरून हात घालून धरायला जायचा. गोंड्याला तो हात म्हणजे घारच वाटायची. घरातली मडकी फुटली, माहुताचा घसा बसला, पण गोंडा काही खाटेखालून बाहेर येईना. दसरा जवळ आला तशी माहुताची भूक मेली. तो गोदेजवळ जाऊन बसे. ती सोंडेनं त्याचं तोंड चाचपायची आणि त्याला रडू फुटायचं. "माझ्या जिभेला हाड नाही गं पोरी. बढाई मारली मी आणि जाणार तू."

अशातच एके सकाळी तो खाटेखाली हात घालायला वाकला आणि त्याच्या कंबरेत चमक भरली. वैद्यबुवा आले. म्हणाले, "जमिनीवर पालथं पडून राहायचं. आणि ओरडलात तर चमक मस्तकात जाईल."

झालं! नगाऱ्यासारखा माहूत घोंगडीवर आडवा. बायको शेजारी कोथिंबीर निवडत बसली होती. खाटेखालून हळूच एक नाक बाहेर आलं. माहुतानं पहिल्यांदाच गोंड्याचे डोळे जवळून पाहिले, काळेभोर आणि भेदरलेले.

"अरेच्चा, एवढा भितोस होय मला?" तो कुजबुजला आणि कोथिंबिरीची एक काडी पुढे केली.

गोंड्यानं काडी ओढली आणि मागे पळाला. मग पुन्हा आला. हळूहळू तो हातावर चढू लागला. एकदा तर गवत समजून त्यानं माहुताची अर्धी मिशी कुरतडली. माहूत हूं की चूं करेना. दसऱ्यापर्यंत "ये रे गोंड्या" एवढं म्हटलं की गोंडा कुईं कुईं करत येऊ लागला.

दसऱ्याला दरबार भरला. बाहेर झूल घालून गोदा उभी होती. मधोमध टोपली उघडली. माहुतानं उभ्यानंच हाक मारली, "ये रे गोंड्या!"

एवढी माणसं, एवढे पाय! गोंडा टोपलीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. प्रधान गालातल्या गालात हसला. काय करायला हवं ते माहुताला ठाऊक होतं. पण राजासमोर बसायचीसुद्धा परवानगी नव्हती, मग आडवं होणं तर सोडाच. तेवढ्यात बाहेरून गोदेचा चीत्कार ऐकू आला.

"खड्ड्यात गेली ऐट!" म्हणत माहुतानं पगडी काढली आणि गालिच्यावर सपशेल पालथा पडला.

"महाराज, हा आपला अपमान आहे!" प्रधान ओरडला. पण तोवर "ये रे गोंड्या" ऐकून गोंडा टोपलीतून उडी मारून धावत आला होता आणि उरलेल्या मिशीला भिडलाही होता.

राजा सिंहासनावरून गरजला, "आता माझ्याकडे ये!" गोंडा माहुताच्या बाहीत शिरला.

"माझ्याकडे का येत नाही?"

"महाराज, खालून आपण फार उंच दिसता त्याला," माहूत पडल्या पडल्या म्हणाला.

राजानं क्षणभर विचार केला, मुकुट प्रधानाच्या हाती दिला आणि खाली उतरून चक्क पालथा झाला. आता राजाच आडवा म्हटल्यावर उभं कोण राहणार? सेनापती, पुरोहित, भालदार, सगळे धडाधड आडवे झाले. मुकुट सांभाळत प्रधानही कण्हत कण्हत पसरला. गोंड्यानं सगळा दरबार हुंगत फिरून पाहिला आणि माहुतानं राजाच्या हाती दिलेली कोथिंबीर खाल्ली. राजा लहान मुलासारखा हसत सुटला.

गोदा माहुताकडेच राहिली. प्रधानाच्या कंबरेत मात्र चमक भरली.

दुसऱ्या दिवशी माहूत गोदेसमोर गेला. अंकुश उचलणार, तोच थांबला. तिच्या सोंडेला गाल लावून हळूच म्हणाला, "बस गं पोरी."

गोदा लगेच बसली. इतक्या अलगद ती पूर्वी कधीच बसली नव्हती. माहुताचे डोळे भरून आले. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच घसा फोडत होतो!" त्या दिवसापासून अंकुशाला त्याची बायको कोथिंबिरीची जुडी टांगू लागली.

तात्पर्य एवढंच: कुणी आपल्याजवळ यावं असं वाटत असेल, तर आवाज चढवण्यापेक्षा आपण थोडं खाली उतरावं.