व्याह्यांचा मानाचा कोट

उमरग्याच्या बिराजदारांची लेक महानंदा अमेरिकेत होती. तिचे दिवस भरत आले होते. "आई, येतेस ना गं?" म्हणून ती रोज फोनवर रडायची. मुंबईहून विमानाचं तिकीट केवढ्याला पडतं ते ऐकून तिची आई कलावतीबाई हिशेबच करत बसल्या. तेवढे पैसे आणायचे कुठून? तिकीटवाला म्हणाला, "हैदराबादहून जा, पुष्कळ स्वस्त पडेल."

हे ऐकून पुण्याहून आलेले व्याही शेटेसाहेब उखडले. नोकरी संपली, पण तोरा काही संपला नव्हता. "परदेशी जायचं ते मुंबईहून! हैदराबादहून कसलं जाताय? चारचौघांत हसं होईल आमचं. परवडत नसेल तर राहू द्या."

कलावतीबाईंचे डोळे भरून आले. बिराजदार उठले, व्याह्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, "साहेब, आम्हाला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ. पोरीच्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधला. तुमच्या मानाचा हा कोटही तिथलाच. तो घालून पुण्यात मिरवता, तेव्हा कोण हसलं का?"

साहेबांनी हळूच बाही सोडवून घेतली. "मग काढा की तिकीट," एवढंच पुटपुटले.

कलावतीबाईंनी लगेच फोन लावला. "महानंदे, धीर धर गं. मी येईपर्यंत धीर धर."